एक प्लेट, चार चमचे

बाबा, गेल्या आठवड्यात तुमचे चमचे सापडले. आईच्या जुन्या तपकिरी पर्समध्ये, त्याच पिवळ्या नॅपकिनमध्ये गुंडाळलेले. चारच्या चार. एकाची दांडी अजून वाकडीच आहे. उदगीरच्या किल्ल्यात मी आणि नितीननं ज्यानं माती उकरली होती, तोच तो.

तुम्हाला जाऊन आज चोवीस दिवस झाले. नितीन बंगळुरूला परत गेला, आत्या गेली, फोन कमी झाले. मी आईला कोपरखैरण्याहून ऐरोलीला माझ्याकडे घेऊन आलेय. ती दिवसभर गॅलरीत बसते आणि खाली आयटी पार्कच्या गेटमधून आत जाणारी पोरं बघते. काल म्हणाली, "एवढी पोरं रोज सकाळी जातात, कुणाच्या हातात डबा दिसत नाही गं." हे तुम्ही म्हणाला असतात. तुम्ही जे जे म्हणाला असतात ते हल्ली ती म्हणते.

मी तुमच्यावर रागावून घेऊ का थोडी? नंतर रडायचंच आहे.

लहानपणी मे महिन्यात वर्गातली सगळी पोरं महाबळेश्वरला जायची, गोव्याला जायची. आम्ही बार्शीला. पुढच्या वर्षी उदगीर. मग सांगली, मग जालना. शाळा सुरू झाली की 'मी पाहिलेले प्रेक्षणीय स्थळ' असा निबंध यायचा आणि मी लिहायचे, 'आम्ही उदगीरला गेलो. तेथे तूर चांगली मिळते.' बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता. मी घरी येऊन दप्तर आपटलं आणि तुम्ही विचारलंत, "मग? चूक काय लिवलंस? मिळतेच की."

वाशीच्या दाणाबंदरात पेढीवर माल पारखण्यात तुमची तीस वर्षं गेली. ट्रक यायचे, पोती उतरायची, पोत्यावर गावाचं नाव छापलेलं असायचं. तुम्ही मूठभर दाणे काढायचात, आधी नाकाशी न्यायचात, मग एक दाणा दाढेखाली धरून फोडायचात आणि सांगायचात, माल कसा आहे, किती दिवसांचा, ओल आहे का. शेठपासून हमालापर्यंत सगळे तुमच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. एका शनिवारी तुम्ही मला तिथे नेलं होतंत. बाप मोठा माणूस आहे हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

आणि घरी येऊन सांगायचात, "आज बार्शीचा माल होता. काय दाणा होता, पोरी!" जी नावं आयुष्यभर पोत्यावर वाचली ती गावं एकदा डोळ्यांनी बघायची, एवढीच तुमची हौस होती. म्हणून आमच्या सुट्ट्या त्या गावांना. मी महाराष्ट्राचा नकाशा डाळींवरून शिकले हे मी ऑफिसात सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी गंमत करतेय.

गावात उतरलो की देऊळ नाही, किल्ला नाही, आधी बाजार समिती. सकाळी सातला, डोळे चोळत, आम्ही दोघं तुमच्या मागून मिरच्यांच्या ढिगांमधून शिंकत चाललेलो. मग एखाद्या रिक्षावाल्याला गाठायचं आणि तुमचा तो ठरलेला प्रश्न: "तुमच्या घरी पाव्हणे आले तर त्यांना खायला कुठं नेता?" रिक्षावाला बुचकळ्यात पडायचा, पण न्यायचा बरोबर ठिकाणी. तिथे गेल्यावर एक प्लेट मागवायची. एकच. आईनं पर्समधून चार चमचे काढायचे. घासभर प्रत्येकानं खायचं, मग उठून दुसऱ्या ठिकाणी. तुमच्या भाषेत ही वानगी होती. "पोतं कुणी रिकामं करून बघतं का? मूठभर काढायचं, कळतं." मला तो शुद्ध कंजूसपणा वाटायचा. सांगलीत भेळेसाठी मी भर रस्त्यात फतकल मारून बसले होते, की मला माझी एकटीची प्लेट पाहिजे. तुम्ही शेजारी रस्त्यावर बसलात. समजावलं नाहीत, ओरडला नाहीत, नुसते बसलात. शेवटी मलाच लाज वाटून मी उठले.

आणि मग तुमची चौकशी. "सांग, कसं लागतंय?"

'छान' म्हटलेलं चालायचं नाही. "छान म्हंजी काय? छान तर सगळंच असतं. नीट सांग." नितीन पहिल्यापासून चतुर, तो म्हणायचा "तिखट" आणि मोकळा व्हायचा. मी मात्र अडकायचे. आधी आंबट लागतं, मग मागून गूळ येतो, मग घशात जिरं राहतं, असं काहीतरी सांगायचे. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात, मग स्वतःचा चमचा तोंडात घालायचात आणि मान हलवायचात. "मनू, तुझी जीभ माझ्यावर गेलीय." माझ्या दहावीच्या निकालालाही तुम्ही इतके खूश नव्हतात.

हे सगळं मला आवडत होतं हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. कटकट केली तेवढी मात्र मोठ्या आवाजात केली.

आता जानेवारीतली ट्रिप. मला तीच लिहायची आहे आणि मी तिच्या कडेकडेनं फिरतेय.

अमळनेरला जायचं तुमच्या मनात किती वर्षं होतं. दरवेळी काहीतरी निघायचं. या जानेवारीत मी म्हटलं, चला, रजा काढते. नितीनला जमलं नाही. आपण तिघं जळगावपर्यंत रेल्वेनं आणि पुढे एसटीनं. रजा काढली म्हणायची, पण लॅपटॉप पाठीला होताच. सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, मॅनेजरचे मेसेज चालू होते, सकाळपासून माझं डोकं तापलेलं होतं.

बाजार समितीत नव्या तुरीचे ढीग पडले होते. तुम्ही एक दाणा उचललात, दाढेखाली धरलात, मान एका बाजूला केलीत आणि ऐकलंत. कट्ट. "वाळलीय चांगली," म्हणालात. नाकाशी नेला नाहीत. मी ते पाहिलं, बाबा. जन्मभर जो माणूस आधी वास घेतो तो आज वास घेत नाही, हे मी पाहिलं, आणि त्याच क्षणी फोन वाजला आणि मी बाजूला गेले.

मग रिक्षावाल्यानं त्या बाईंच्या खानावळीत नेलं. पत्र्याची शेड, बाहेर कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर हिरवी लांब वांगी भाजत टाकलेली. भरीत आणि कळण्याची भाकरी. आईनं चमचे काढले तर बाई हसायला लागल्या. "भरीत चमच्यानं खाता का हो? हातानं खा ना."

तुम्ही माझ्याकडे वळलात. "सांग, कसं लागतंय?"

मी फोनवर टाइप करत होते. "छान आहे."

"छान म्हंजी?"

"बाबा, छान म्हणजे छान. खा ना."

"तसं न्हाई, नीट सांग की. धूर पयला येतो का लसूण?"

आणि मी म्हटलं... तुम्हाला आठवतंय, पण लिहून टाकते. मी म्हटलं, "तुमच्यासमोर ठेवलंय ना? तुम्हीच खाऊन बघा. दरवेळी माझी परीक्षा कशाला घेता? मी काय आता शाळेत आहे का?"

शेजारच्या बाकावरची माणसं बघायला लागली इतक्या जोरात.

तुम्ही "बरं" म्हणालात. भाकरीचा तुकडा मोडलात, भरीत लावून खाल्लंत, खाली बघून. मग हात धुवायला म्हणून उठलात ते बराच वेळ आला नाहीत. नंतरच्या दोन दिवसांत तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. नदीकाठच्या देवळात गेलो, बाजारात आईसाठी बिबड्याचे पापड घेतले, स्टँडवर चहा प्यायलो. कुठेच नाही. मला वाटलं, सुटले एकदाची. घरी आल्यावर मैत्रिणीला सांगितलंसुद्धा, की बाबा आता जरा शांत झालेत.

तीन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी, चहाचा कप हातात असताना तुम्ही गेलात.

तेराव्याला तुमच्या पानासाठी आई आणि मी स्वयंपाक करत होतो. कोपरखैरण्याच्या त्या एवढ्याशा ओट्यापाशी, दोघी एकमेकींना धक्के देत. आमटी उकळत होती. मी सवयीनं पळीतली थोडी तळहातावर घेतली आणि आत्या बाहेरून ओरडली, "अगं, नैवेद्याच्या आधी चव घ्यायची नाही!" मी हात धुतला. वैतागून म्हटलं, "चाखल्याशिवाय मिठाचं कसं कळणार? अळणी झालं तर? बाबांना आमटी अळणी नाही चालायची."

आई आमटी ढवळत होती. ढवळता ढवळताच म्हणाली, "त्यांना कुठं कळत होतं?"

मला वाटलं, दुःखानं काहीतरी बोलतेय. तिनं गॅस बारीक केला आणि पदरानं तोंड पुसून सांगितलं.

कोरोनातल्या त्या तापात तुमचा वास गेला होता, चव गेली होती. आपल्या सगळ्यांचीच गेली होती, महिन्याभरात परत आली. तुम्हीही म्हणालात, आली. ती आलीच नव्हती. कधीच नाही. तुम्ही तशीच पेढीवर जात राहिलात, दाण्याच्या आवाजावर आणि रंगावर माल सांगत राहिलात. मग एका पावसाळ्यात एक लॉट तुम्ही पास केलात. वरून दाणा टकटकीत, आत कुबट वास मारत होता. हमालालासुद्धा आला तो वास. माल परत आला. शेठ काही बोलले नाहीत म्हणे, नुसते "होतं असं" म्हणाले. तुम्हाला ते जास्त लागलं. पुढच्या आठवड्यात तुम्ही काम सोडलंत आणि आम्हाला सांगितलंत, गुडघे दुखतात.

आणि मी केक आणला होता, बाबा. 'आता टेन्शन नाही, आता मजेत खा-प्या' असं म्हणून तुमच्या तोंडात केकचा एवढा मोठा तुकडा कोंबला होता. तुम्ही "झकास" म्हणालात. मी तेव्हाही ऐकायला हवं होतं. तुम्ही कधी नुसतं झकास म्हणून थांबत नव्हतात.

एकदा तुमच्या शेजारी दूध करपून पातेलं काळं झालं आणि तुम्ही पेपर वाचत बसला होतात. मी हसले होते, म्हातारे झालात म्हणून. रविवारी जेवायला यायचे तेव्हा तुम्ही पहिल्या घासाला म्हणायचात, "आज चिंच जरा पुढं गेलीय." मला वाटायचं, काय जीभ आहे या माणसाची! आई वाढता वाढता तुमच्या कानाशी काय बोलायची ते मला आता कळलं. ती म्हणायची, "चिंच जास्त झालीय."

"आम्हाला का नाही सांगितलं?" मी आईवर ओरडले. पाहुण्यांनी घर भरलेलं, तरी ओरडले.

"सांगू नको म्हणाले. पोरं डॉक्टरकडे फरपटवतील म्हणाले. आणि..." आईनं आमटीवर झाकण ठेवलं. "म्हणाले, ज्याला वासच येत नाही त्याला कोण काय विचारणार? त्या लॉटनंतर पेढीवर लोक जसं बघायचे तसं तुम्ही पोरं बघायला लागलात तर, याचं भ्या होतं त्यांना."

मग तिनं ते सांगितलं जे मी रोज गिळायचा प्रयत्न करतेय आणि गिळलं जात नाही. तुम्ही तिला म्हणाला होतात, "मनू नीट सांगते. ती सांगायला लागली की थोडं थोडं आठवतं. क्षणभर येतंच जिभेवर."

म्हणजे तुम्ही माझी परीक्षा घेत नव्हतात. तुम्ही जेवायला मागत होतात. आणि मी म्हटलं, तुमच्यासमोर ठेवलंय ना.

त्या दिवशी तुमच्या पानासमोर मी हात जोडून उभी होते आणि मनात म्हणत होते, आता सांगते बाबा, त्या भरताची चव सांगते. आणि मला ती आठवेना. मी खूप प्रयत्न केला. फोनवरचे मेसेज आठवले, शब्दन् शब्द आठवले. तोंडात काय होतं ते काही केल्या आठवेना. मी खाल्लंच नव्हतं, फक्त गिळलं होतं. तुम्ही विचारलं तेव्हा माझ्याकडेसुद्धा उत्तर नव्हतं, हे मला इतक्या उशिरा कळलं.

एपीएमसीतून खानदेशातली वांगी आणली. ऐरोलीच्या गॅसवर भाजली. घरभर वास झाला, आई खोकत बाहेर आली, पण ते ते नव्हतं. पाइपच्या गॅसला काय धूर येणार! आईनं एक घास खाल्ला, ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "जाऊन येऊ."

आत्याला फोनवर कळलं तेव्हा ती हबकली. "अगं वहिनी, महिना झाला नाही अजून! लोक काय म्हणतील? वर्ष तरी होऊ दे." आईनं शांतपणे सांगितलं, "भरताची वांगी वर्षभर थांबत नाहीत, वन्सं. थंडी संपत आलीय." आणि फोन ठेवला. बाबा, तुम्ही असतात तर उठून टाळी दिली असतीत तिला.

परवा आम्ही दोघी पुन्हा अमळनेरला गेलो. लॅपटॉप नेला नाही. सकाळी सातला बाजार समितीत गेलो, कारण तुमचा नियम. ढिगांमध्ये आता हरभरा आला होता. आईनं एक दाणा उचलला, वास घेतला आणि पुन्हा ठेवला.

खानावळीतल्या बाईंनी आम्हाला ओळखलं. चमच्यांमुळे ओळखलं. "ते भाऊ नाही आले?"

आईनं मान हलवली. तिच्या कपाळाकडे पाहून बाई समजल्या. ओल्या हातांनीच येऊन आईजवळ बसल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी हात धुवायला म्हणून उठले आणि माझ्या चुलीपाशी येऊन उभे राहिले. वांगं कशावर भाजता, मिरची आधी कुटता का लसूण, धूर कधी लागतो, सगळं विचारत होते. मी म्हटलं, भाऊ, आत्ताच तर खाल्लं ना तुम्ही? तर हसले नुसते. म्हणाले, तुम्ही सांगा, बरं वाटतं ऐकायला."

मी तिथेच रडले, बाबा. चारचौघांत, पत्र्याच्या शेडमध्ये, तुम्हाला आवडलं नसतं तशी. ज्या गोष्टीसाठी तुम्ही पोटच्या पोरीकडे हात पसरला होता ती तुम्हाला एका परक्या बाईनं दिली. तिचे उपकार मी कसे फेडू? तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, मला चुलीचा वास येत होता तिच्या पदराला, आणि म्हणाली, "रडू नको. आधी गरम आहे तोवर खाऊन घे."

आईनं एकच प्लेट मागवली. नॅपकिन उलगडून चारी चमचे मांडले. दोन आमच्यापुढे, एक नितीनचा आणि एक तुमच्या बाजूला, भिंतीकडे, जिथे तुम्ही बसला होतात. मी एक घास घेतला. फोन बंद होता. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"सांग त्यांना," ती म्हणाली.

ऐका बाबा. डोळे मिटा.

धूर पहिला येतो. लसूण नंतर. जिभेला काही कळायच्या आधी नाकात कपाशीच्या काड्यांचा धूर शिरतो, कोरडा, गावातल्या शेकोटीचा असतो तसा. मग वांग्याचा गोडवा, अगदी थोडा, लक्ष दिलं नाही तर निसटून जाईल एवढाच. मी दिलं नव्हतं. तो जातो न जातो तोच हिरवी मिरची येते, पण ती जिभेच्या टोकाला लागत नाही, मागे घशाशी लागते आणि कानापर्यंत जाते. मध्येच शेंगदाणा दाताखाली येतो. खरपूस भाजलेला आहे, तुम्ही म्हणाला असतात, वाळलाय चांगला. कांद्याची पात कच्ची आहे, करकरते, तिनं तोंड जरा थंड होतं. भाकरीत उडीद आहे, त्याचा हलका चिकटपणा, आणि सगळं गिळून झाल्यावर मागे राहतो तो पुन्हा धूरच. आला का जिभेवर? थोडा तरी आला का?

मीठ मात्र जरा कमी आहे, बाबा.